गव्हाने हात लावू नये

तीर्थस्वरूप ताईस,

ज्याला तू लहानपणी चिकट्या म्हणायचीस आणि अजूनही चार लोकांसमोर म्हणतेस, त्या तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं पोचतील. उरलेली दोन तू आलीस की वसूल करून घे.) तुझा दमा कसा आहे? दातांची नवी कवळी बसली का, की अजून पेल्यातच बसते? चार महिन्यांत तुझं एकही पत्र नाही, यावरून तब्येत उत्तम असून राग टिकून आहे असा मी अर्थ काढला. राग टिकवण्यात आपल्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही, हे मी अभिमानानेच म्हणतो. इकडे आम्ही सगळे मजेत. कालच टिचकीच्या रक्ताचा नवा रिपोर्ट आला. त्यातला आकडा मी लगेच सांगणार नाही. तुला पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, ती माहीत असल्यामुळे आकडा मी मुद्दाम मध्येच कुठेतरी ठेवला आहे.

तू गेल्या वेळी आलीस तेव्हा रागाच्या भरात निम्मंच ऐकलंस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दहा महिन्यांपूर्वी पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या नातीला, टिचकीला, गहू बंद केला. गहू म्हणजे नुसता गहू नव्हे, तर मैदा, रवा, जव आणि त्या सगळ्यांत जे ग्लूटेन नावाचं चिकट द्रव्य असतं ते. आठ वर्षांची पोर, पण सहाची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, आणि वर्गातल्या फोटोत कायम पहिल्या रांगेत. बाईंनी बजावलं की गहू ताटात नको एवढंच पुरेसं नाही, तो तिच्या भांड्यात, चमच्यावर, फडक्यावर कणभरसुद्धा नको. कणभराने आतड्याला पुन्हा सूज येते, अन्न अंगी लागत नाही, वाढ थांबते. औषध काही नाही. औषध म्हणजे स्वयंपाकघर. हे ऐकून सूनबाई रडली, आमच्या हिने देवाला दोन शब्द सुनावले आणि मी उठून उभा राहिलो. म्हटलं, स्वयंपाकघर माझ्यावर सोडा. शेहेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली आहेत, एका पुस्तकाचं पान दुसऱ्यात गेलेलं नाही. इथे तर नुसतं पीठ आहे!

आणि ताई, काय स्वयंपाकघर उभं केलं म्हणून सांगू! इस्पितळातल्या ऑपरेशनच्या खोलीने येऊन शिकावं. सूनबाई भूमापन कचेरीत नकाशे काढते. तिने खोलीचा मापाबरहुकूम नकाशा काढला, खिडकीतून वारा कुठून कुठे जातो त्याचे बाणसुद्धा दाखवले (पीठ वाऱ्यावर चालतं, हे तुला ठाऊक नसेल). टिचकीचं सामान सगळ्यात वरच्या फळीवर, कारण चुरा खाली पडतो, वर चढत नाही. हा शोध माझा. तिचं लोणी वेगळं, जॅम वेगळा, लाकडी डाव वेगळा, भांडी घासायचा चोथा वेगळा, गाळणी तर नवीच, कारण गाळणीच्या भोकात अडकलेलं पीठ ब्रह्मदेवालाही निघत नाही. तिचं जेवण आधी शिजणार, तिचं ताट आधी वाढणार, आणि एका पातेल्यातला डाव दुसऱ्या पातेल्याच्या भेटीला जाणार नाही. आमची ही दर शुक्रवारी घरी पाव भाजते, हे तू जाणतेसच. तिचं पीठ मळणं मी घराबाहेर काढलं आणि मागच्या शेडमध्ये नेलं. म्हणजे माझ्या शेडमध्ये. त्यागाला मी मागे हटलो नाही. माझं कामाचं टेबल, शेगडी, दाबयंत्र सगळं एका कोपऱ्यात सरकवून मी तिला जागा दिली. (तिने पूर्ण शेड घेतली. ते असो.)

पण या सगळ्याचा कळस म्हणजे माझी लेबलं. नुसती वेगळी भांडी ठेवून भागत नाही, ओळखायची कशी? रंगीत दोरे सुटतात, शाई धुतली जाते. मग मी जाड कागद घेतला, उभ्या रेघा मारल्या, आणि माझ्या सर्वांत सुबक अक्षरात लिहिलं, 'फक्त टिचकीचे. गव्हाने हात लावू नये.' अशी त्रेसष्ट लेबलं केली. डब्यांवर, बरण्यांवर, पातेल्याच्या कानांवर, चमच्यांच्या दांड्यांवर. वाफेने आणि पाण्याने ती सुटायची, म्हणून दर रविवारी सकाळी सुटलेली काढून नवी लावायची. इतर म्हातारे रविवारी पेपर वाचतात. शेजारचा निवृत्त मास्तर बघायला आला आणि दारातच चपला काढून उभा राहिला. मी म्हटलं, या, पण हात धुऊन. तो हात धुऊन आला आणि मग त्याला आठवलं की त्याला काही काम नव्हतंच.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. डॉक्टरीणबाई कौतुक करणार, तेव्हा फाटक्या कॉलरने कसं बसायचं! बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. गहू पोटात गेला की रक्तात चढणारा तो आकडा इंचभरही उतरला नव्हता. वजन तीनशे ग्रॅम वाढलं होतं, तेही बुटांसकट. बाई म्हणाल्या, तुमच्या घरात कुठून तरी गहू हिच्या पोटात जातोय. आणि टिचकीला एक जाड वही दिली, म्हणाल्या, रोज काय खाल्लंस आणि कधी दुखलं ते लिही. पोर परतताना बसमध्ये माझ्या शेजारी बसली. घर जवळ आल्यावर मला हळूच म्हणाली, आजोबा, मी चोरून काही खात नाही हो. ताई, माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मी त्याच बसमध्ये शपथ घेतली की घरातला चोर पकडीन तरच नावाचा.

तेव्हा मी सर्वांवर संशय घेतला, हे कबूल. तपास म्हणजे तपास, त्यात नाती पाहत नसतात. चिरंजीव बस आगारात इंजिनं खोलतात, पण लोण्याचा डबा नीट बंद करता येत नाही. भाजलेल्या पावाचा चुरा लागलेली सुरी टिचकीच्या लोण्यात बुडवताना मी त्यांना रंगेहाथ पकडलं. तो डबा त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकला आणि आठवडाभर त्यांच्या हाती सुरी दिली नाही. आमच्या हिच्या पदराला पीठ सापडलं, तेव्हापासून ती शेडमधून आत येताना दारातच पदर झटकते (आणि झटकताना जे बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही). सूनबाईने एकदा दोन्ही चोथे एकाच वाटीत भिजवले. तिला मी काही बोललो नाही, फक्त तिच्याच नकाशावर लाल शाईने फुली मारली. आणि त्याच आठवड्यात तू आलीस, बिस्किटांचा डबा घेऊन. मी तुला दारात अडवलं, पिशवी उघडायला लावली, आणि तुझा डबा चिमट्यात धरून फाटकाबाहेर ठेवला. तुझ्या साडीचा काठसुद्धा झटकला. भिंगातून तुझी नखंही पाहिली, असं तू म्हणतेस, पण ते भिंग नव्हतं, माझा वाचायचा चष्मा होता. तू सोमवारच्या गाडीने जी गेलीस ती गेलीसच. त्याच सोमवारी टिचकीचं पोट दुखलं, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, बिस्किटं!

पण पुढच्या सोमवारी तू नव्हतीस, तरी दुखलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही. वही मोठी नेटकी लिहायची पोर. अक्षर माझ्यावर गेलं आहे, हे मी सांगायला नको. डॉक्टरीणबाईंनी ती चाळली आणि एकच गोष्ट विचारली, तुमच्याकडे रविवारी काय होतं? रविवारी चिरंजीव घरी असतात, एवढंच सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि बिचाऱ्याचं तोंड उतरलं. बाई टिचकीला म्हणाल्या, आता फक्त खाल्लेलं नको, घरात जे जे शिजतं ते सगळं लिही.

रविवार उजाडला. मी बंदोबस्त जाहीर केला. सकाळी सातपासून स्वयंपाकघरात मी स्वतः पहाऱ्यावर, स्टूल टाकून, दार अडवून. चिरंजीवांना बाहेरच्या खोलीत बसवलं. आमची ही शेडमध्ये. सूनबाई कपडे वाळत घालायला. आत फक्त मी आणि वही घेऊन बसलेली टिचकी. म्हटलं, आता येऊ दे कसा येतो तो गहू! आणि नुसतं बसून काय करायचं, हात रिकामे ठेवायची मला सवय नाही, म्हणून मी माझं रविवारचं काम काढलं. सुटलेली लेबलं सोलली, आणि नवी लावायला खळ शिजत ठेवली.

इथे जरा थांबून तुला खुलासा करायला हवा. माझी शेडमधली शेगडी हिच्या पावाने गिळल्यापासून मी खळ घरातच शिजवत असे. आणि खळीला भांडं लागतं स्वच्छ. आधीच्या अन्नाचा एक कण राहिला तरी गुठळी होते, हे बाबांनी आपल्या दोघांना कानाला धरून शिकवलंय. आता आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ, कणभर चुराही नसलेलं, खात्रीचं पातेलं कोणतं? वरच्या फळीवरचं. आणि ढवळायला डाव? तोही तिथलाच. मी स्वतः तपासून पास केलेली भांडी ती, मी दुसरं कशाला घेऊ!

टिचकी पेन्सिल घेऊन शेगडीजवळ आली. विचारलं, आजोबा, हे काय शिजतंय? मी सांगितलं, खळ. कशाची? आता बांधणीवाल्याला कोणी असं विचारलं की त्याची कळी खुलते. मी म्हटलं, मैद्याची, पोरी, पहिल्या प्रतीच्या मैद्याची, दोनदा चाळलेल्या! मग मी तिला मैद्याची खळ का श्रेष्ठ, तिच्यात चिकटपणा कुठून येतो, ती ढवळताना हात का थांबवायचा नाही, असं सगळं समजावलं. चांगली दहा मिनिटं बोललो. पोर लिहीत होती. मग तिने मान वर केली आणि विचारलं, आजोबा, मैदा कशाचा असतो?

ताई, शेहेचाळीस वर्षांत मी खळीचे हंडे शिजवले असतील. पण मैदा म्हणजे माझ्या लेखी सुई, दोरा, दाभण यांच्यासारखं एक हत्यार. ते कुणी खातं, हेच डोक्यात नाही. माझ्या तोंडातून उत्तर निघालं आणि निघता निघताच माझ्या कानांनी ते ऐकलं. एका हातात डाव, दुसऱ्या हातात पातेल्याचा कान, आणि अंगठ्याखाली माझंच सुबक अक्षर, 'गव्हाने हात लावू नये'. त्रेसष्ट लेबलं, सगळी गव्हाने चिकटवलेली! चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा. आणि ओला चमचा हातात धरून ती जेवायची, मग बोटं चाटायची.

ढवळायचा हात थांबला तो आयुष्यात पहिल्यांदा थांबला. खळ करपली. वासाने ही शेडमधून धावत आली, टिचकीच्या वहीत डोकावली आणि पदर झटकायचंही विसरून म्हणाली, कुंपणानंच शेत खाल्लं की हो! चिरंजीव आत आले. त्यांनी आपल्या जुन्या लोण्याच्या डब्याची आठवण झाल्यासारखा चेहरा केला. मी स्टुलावर बसलो आणि रडलो. लाज वाटली म्हणून नव्हे, तीही वाटली, पण सहा-सात महिने मीच माझ्या हाताने पोरीला ते भरवलं, म्हणून. टिचकीने वही मिटली, माझ्या हातातला डाव काढून घेतला, आणि म्हणाली, आजोबा, चुकून झालं ना, मग झालं. आता ते पातेलं तुमचं. मला नवीन आणा. आठ वर्षांची पोर, पण न्याय बघ कसा केला!

त्याच दिवशी त्रेसष्टच्या त्रेसष्ट लेबलं सोलली, डबे उकळत्या पाण्यातून काढले, लाकडाचं जे जे होतं ते बाहेर घातलं. आता भांड्यांवर चिरंजीवांनी आगारातून शिकून आणलेल्या तऱ्हेने ठोकून नक्षीसारखी खूण केली आहे. ती सुटत नाही, आणि मला काही लावावं लागत नाही. माझा मैद्याचा डबा, ब्रश, खळीची वाटी, सगळं मी घराबाहेर काढलं आणि बांधणी बंद केली. शेड आता पूर्ण हिची. लोक पुस्तकं घेऊन येतात, मी हात जोडतो.

आणि आता तो आकडा. पहिल्या वेळी दीडशेच्या वर होता. काल आला तो एकवीस. बाई म्हणाल्या, अजून थोडा उतरेल, पण योग्य रस्त्याला लागलंय. वजन दोन किलो वाढलं, बिनबुटांचं, मी स्वतः बूट काढायला लावले. वर्गाच्या नव्या फोटोत दुसरी रांग! तो फोटो मी मास्तराला दाखवला, वाण्याला दाखवला, पोस्टमनला थांबवून दाखवला. बाईंनी विचारलं, शेवटी गहू सापडला कुठे? मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या नातीने शोधला. कोणाकडे सापडला, हे त्यांनी विचारलं नाही, मग मी आगाऊपणा कशाला करू! ताई, मला माझ्या शिस्तीचा अभिमान होता, तो थोडा कमी झाला असेल, पण या पोरीचा जो वाटतो ना, तो त्याच्या दसपट आहे. चोर आपलाच आजोबा आहे हे दिसल्यावरही तिने ते वहीत जसंच्या तसं लिहिलं. तारीख, वेळ, आणि पुढे 'खळ, मैद्याची, आजोबा'.

घरातल्या सर्वांचा तुला नमस्कार. दम्याची औषधं वेळेवर घे.

तुझा धाकटा भाऊ,
चिकट्या

ता. क. तुझी बिस्किटं निर्दोष होती. तुझा डबा फाटकाबाहेरून त्याच दिवशी आत आणून शेडमध्ये ठेवला होता. रिकामा झाला, तो मीच रिकामा केला. साडीच्या काठाबद्दल आणि नखांबद्दल मी चुकलो. हे वाक्य मी आयुष्यात तिसऱ्यांदा लिहितोय, जपून ठेव.

ता. क. २. सहज आठवलं म्हणून विचारतो. लहानपणी तू बाबांसाठी तांदळाची खळ करायचीस आणि मी तिला 'पेज' म्हणायचो, एवढंच नव्हे तर चाळीस वर्षं चारचौघांत म्हणत आलोय. गेल्या महिन्यात फळ्या आवरताना आपण दोघांनी बाबांच्या हाताखाली बांधलेले दोन शब्दकोश सापडले. माझ्या मैद्याच्या खळीवाल्याची कसरीने पोखरून चाळण केली आहे. तुझा अजून टाकला तरी पान हलत नाही. तर तांदूळ किती, पाणी किती, तुरटी कधी घालायची आणि आच केवढी, हे सविस्तर लिही. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. टिचकीची ती वही उचकटली आहे, पानं सुटायला लागली आहेत. डॉक्टरीणबाईंना ती दुसऱ्या आईबापांना दाखवायला हवी आहे. सूनबाई चिकटपट्टी लावायला निघाली, तर पोरीने वही छातीशी धरली, म्हणते, आजोबाच बांधतील. आणि मैद्याला मी आता हात लावणार नाही. बाटलीतल्या डिंकाने बांधायची वही नव्हे ती.

ता. क. ३. लिफाफा मी न चिकटवता टाचण्यांनी बंद केला आहे. बोटं सांभाळ.

आत्याआजी, हे मी टिचकी लिहिते आहे. आजोबा टाचण्या आणायला गेले आहेत. त्यांनी तुला सांगितलं नाही, पण त्यांनी माझ्या नवीन पातेल्यात तीन रविवार तांदळाची खळ करून पाहिली. मला विचारून घेतलं होतं. तिन्ही वेळा तिचा भात झाला. चौथ्यांदा करणार होते, पण म्हणाले, नको, ताईलाच विचारू. तो भात आम्ही दोघांनी मीठ घालून खाल्ला. वहीत लिहिलंय. सोमवारी माझं पोट दुखलं नाही.